मृगाचा आठवडा, दिवाळीचा आठवडा

श्रोतेहो, नमस्कार.

मी कृषी सहाय्यक होतो. ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी मांजरेच्या दोन्ही अंगांच्या गावांत गेली, केज, कळंब, लातूर या पट्ट्यात. तीन मोटारसायकली झिजल्या, पाठीचा एक मणका गेला, आणि सातबारा वाचायची अशी सवय लागली की लग्नाची पत्रिका हातात आली तरी मी आधी गट नंबर शोधतो.

आजचा विषय आहे गावानं मिळून केलेली शेतीची कामं आणि गावातली गरिबी. यावर अहवाल उदंड झालेत. त्यातल्या काहींचे रकाने मीच भरलेत. म्हणून आज अहवालाबाहेरचं बोलतो.

अहवालात गरिबी वर्षाच्या हिशेबानं मांडतात, वार्षिक उत्पन्न अमुक हजार. गावात मात्र तिच्या तारखा ठरलेल्या असतात. दोन-तीन एकर कोरडवाहू असलेलं घर मार्गशीर्षात पाहिलं तर बरं दिसतं. रानात तूर उभी असते, दारात भुसकटाचा ढीग असतो. तेच घर मृगाच्या आठवड्यात बघा. बियाणं नाही, खत नाही, ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही. मग पैसा उभा करायचा तो शेकडा तीन, शेकडा पाच, तोही महिन्याला. त्या आठ दिवसांत झालेला सौदा दिवाळीपर्यंत मानेवर बसतो. आणि दिवाळीच्या आठवड्यात, सगळ्या गावाचा माल एकदम बाजारात आलेला असताना, तो उतरवण्यासाठी मिळेल त्या भावानं माल घालावा लागतो. त्यामुळं एखादा गट, एखादी समिती, एखादा प्रकल्प चांगला की वाईट असं कुणी विचारलं, तर मी एवढंच बघतो, की मृगाच्या आणि दिवाळीच्या आठवड्यात ही मंडळी कुठं असतात.

आपलं काळं रान तसं आडमुठं. पाऊस कमी झाला तर पेरायचं नाही, जास्त झाला तर पाय ठेवता येत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पडावा, जरा उघाड मिळून वाफसा यावा, म्हणजे रान पेरण्याजोगं व्हावं, आणि त्या दोन-तीन दिवसांत पेरणी उरकावी. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याची उरकते. ज्याच्या दारात नाही तो पाळी लावून बसतो. पाळी येते पाचव्या दिवशी. तोवर रान तरी वाळतं, नाहीतर दुसरा पाऊस तरी येतो. एका गावातल्या मावशी मला म्हणाल्या होत्या, "साहेब, पावसाला काय ठाऊक आमच्याकडं टॅक्टर नाही म्हणून."

या मावशींच्या बारा बायकांच्या बचत गटानं पुढं अनुदानावर बीबीएफचं पेरणी यंत्र घेतलं. बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा आणि सरी. पीक वरंब्यावर राहतं, जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, बियाणंही थोडं कमी लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ही पद्धत आपल्याकडं चांगलीच लावून धरली. गटानं नियम केला: ज्याचं रान कमी, त्याची पेरणी आधी. पहिल्याच वर्षी तो मोडला. यंत्र चालवणारा गटातल्याच एकीचा मुलगा. वीस एकरवाल्यानं एकरी दोनशे रुपये जास्त कबूल केले आणि पोरगं यंत्र घेऊन तिकडं गेलं. दोन दिवस बायका एकमेकींशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी यंत्राची जोडपिन मावशींच्या कमरेच्या पिशवीत. पिन नाही तर यंत्र ट्रॅक्टरला लागत नाही. माझ्या मते त्या गटाचं खरं भांडवल ती पिन होती, अनुदान नंतरचं.

बियाण्याचं तर विचारू नका. २०२० साली मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता, आठवत असेल. ज्यांनी उसनवारी करून पिशव्या आणल्या त्यांना दुबार पेरणी करावी लागली. खरं म्हणजे सोयाबीनचं सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण असेल तर दरवर्षी पिशवी विकत घ्यायचं कारण नाही. घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं. पण त्याचं साल नाजूक, लहान लेकरासारखं सांभाळावं लागतं. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवायचे, पोती आपटायची नाहीत, थप्पी उंच रचायची नाही.

आणि पेरायच्या आधी चाचणी. ती या बायका मारुतीच्या पारावर करायच्या. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ दाणे घ्यायचे, मिसळायचे, त्यातले न निवडता शंभर मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी. मग गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी उलगडायची. उलगडताना पारावर कुणी बोलत नसे. मावशी बोट टेकवत मोजायच्या, मोड आलेला, न आलेला, कुजलेला. सत्तर किंवा वर भरले तर बियाणं पास. साठाच्या घरात आले तर पेरताना प्रमाण वाढवायचं. त्याहून खाली आले तर ते पोतं बाजारात, पेरायला नाही. एकीचे बावन्न भरले तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. गटानं तिला एक पोतं दिलं. परतफेड सुगीला: पोत्याला पोतं आणि वर पाच किलो. सवाई-दिढीच्या, म्हणजे एका पोत्याला सव्वा-दीड पोतं परत घ्यायच्या, जमान्यात दीड पोतं मोजून घेतलेली माणसं त्या पारावर बसलेली होती. त्यांना हा हिशेब पटायला वेळ लागला.

गट म्हणजे सगळं गोड असं समजू नका. २०२५ च्या सप्टेंबरात नद्यांनी काठ सोडले, रानं खरडून गेली, तेव्हा या गटाचं राखलेलं जुनं बियाणं नदीकडच्या एकाच घरात होतं. सगळं भिजलं. आता ते तीन घरांत वाटून ठेवतात.

थोडं पाण्याकडं वळतो. आमच्या आजीनं ७२ च्या दुष्काळात खडी फोडली. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकर आणि सुखडी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मीच खाल्ल्यासारखं वाटतं. त्या दुष्काळात रोजगार हमीनं माणसं जगवली, त्याबद्दल दुमत नाही. पण तलाव कुठं व्हावा हे गावाला कुणी विचारलं नव्हतं. आजी सांगायची, "आम्ही फोडलेली खडी कुठल्या रस्त्याला गेली ते आम्हाला कधी कळलं नाही."

याच्या उलट चालीचं काम बघायचं तर जालना तालुक्यात कडवंचीला जावं. १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथं काम उभं राहिलं. आधी श्रमदान, मग पैसा. काम माथ्यावरून पायथ्याकडं. वर डोंगरावर चर, खाली बांध, त्याच्या खाली नाल्यातली कामं. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी. ते शिवारातच अडवायचं असेल तर वरच्या शेतकऱ्यानं खालच्यासाठी चर खणावा लागतो, एकट्याच्या बांधानं काही होत नाही. पुढं तिथं शेकडो शेततळी झाली, द्राक्षाच्या बागा झाल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात आसपास बागा तोडल्या जात असताना कडवंचीकरांनी तळ्याच्या पाण्यावर आपल्या टिकवल्या.

आता यातली बोचरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साहेब सवयीनं यशोगाथा सांगतायत. पाणलोटाचं काम सुरू झालं की पहिला ठराव चराईबंदीचा. बरोबरच आहे, गवत राहिलं तर माती राहते. पण डोंगरावर शेळ्या कुणाच्या जातात? ज्याला रान नाही त्याच्या. पाणी मुरलं की विहीर भरते ती रानवाल्याची. म्हणजे सोसलं एकानं, पिकलं दुसऱ्याचं. ज्या गावांनी गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळीवाल्यांना दिला तिथं बंदी टिकली. बाकी ठिकाणी रात्री शेळ्या चरल्या, आणि मला त्यांचा राग येत नाही. शेततळ्याचंही तसंच. ३० बाय ३० मीटर आणि तीन मीटर खोल तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. ते पावसाचं असेल तर उत्तम. पण प्लास्टिक अंथरून विहिरी-बोअरचं पाणी उपसून तळं भरायचं, म्हणजे सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या अंगणात आणून उन्हात वाळत घालायचं.

आता दिवाळीच्या आठवड्याकडं येतो. २०२४ चा हंगाम घ्या. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात चार, सव्वाचार हजारांची बोली. क्विंटलमागं सातशे रुपयांचा फरक धरला तर बारा क्विंटलवाल्या घराचे ८,४०० रुपये गेले. सरकारी केंद्रावर न्यावं तर ओलाव्याची अट. ती त्या साली १२ वरून १५ टक्के केली, पण बऱ्याच उशिरा. त्यात बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपला की काटा बंद. आणि दुकानदाराची उधारी तर आज द्यायचीय.

इथं पणन मंडळाची शेतमाल तारण योजना उपयोगी पडते, आणि ती १९९० पासून आहे, बरं का. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज सालाला सहा टक्के, मुदत सहा महिने. दहा क्विंटल सोयाबीन ४,२०० नं धरलं तर ४२ हजारांचा माल. त्यावर ३१,५०० रुपये मिळतात. सहा महिन्यांचं व्याज ९४५. तेच पैसे शेकडा तीननं उचलले तर व्याज ५,६७०. मग सगळे का जात नाहीत? दोन-चार पोत्यांसाठी टेम्पो परवडत नाही म्हणून. आठ घरांनी मिळून एक टेम्पो भरला की परवडतो. इतकी साधी गोष्ट आहे, आणि ती करायला गावात आठ घरांचा एकमेकांच्या काट्यावर विश्वास लागतो.

भाव वाढेलच असं मी कधीच कुणाला सांगितलं नाही. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजारांवर गेलं आणि सप्टेंबरात धाडकन आपटलं. २०२४ चा माल राखून ठेवणाऱ्यांना पुढंही भाव मिळाला नाही. तारणामुळं भाव वाढत नाही. कधी विकायचं ते उधारीवाल्याच्या हातातून तुमच्या हातात येतं, बस.

२००२ साली कायदा बदलला आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. दहा शेतकरी पुरतात. आता तालुक्याला बोर्डच बोर्ड दिसतात. बोर्ड दिसला की मी आत काटा आहे का बघतो. बहुतेक वेळा संचालकांचा फोटो असतो.

सातबारा नसलेल्यांचं काय, हा प्रश्न मला नोकरीभर छळत आला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आपण ज्याला पोकरा म्हणतो, मराठवाड्या-विदर्भातल्या हजारो गावांत आला. प्रत्येक गावाची समिती, गावाचाच आराखडा, भूमिहीनांना शेळीपालनाची सोय. मांडणी चांगली. पण अनुदान खात्यावर येतं खरेदीनंतर. आधी स्वतःचे पैसे घालायचे. ज्याच्याकडं आधी घालायला असतात त्याचा अर्ज पुढं सरकतो. बटईनं करणाऱ्याचं तर नावच कुठं नाही, त्याला पीककर्जही नाही आणि नुकसानीची मदत मूळ मालकाच्या खात्यात.

बायकांचंही तेच. किल्लारीच्या भूकंपानंतर, म्हणजे १९९३ नंतर, लातूर-धाराशिवच्या गावांत घरबांधणीच्या कामातून बायका पुढं आल्या. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं पुढं एक एकराची शेती रुजवली. नवऱ्याच्या रानातला एक एकर, कधी अर्धाच, बाईनं मागून घ्यायचा, आणि त्यात सोयाबीन नाही, घरात खायचं पिकवायचं: डाळी, भाजी, ज्वारी. उरलं तर बाजार. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर या एकरानं केलेलं मोठं काम वहीत दिसत नाही. जूनमध्ये घरात डाळ असते, म्हणून किराणावाल्याकडं खातं वाढत नाही. एका आबांनी आधी बायकोला बांधाकडची मुरमाड पट्टी दिली होती. तीन वर्षांनी तेच बायकोला विचारत होते, "आवंदा माझ्यात काय पेरावं?"

राहता राहिली उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी घेतलेला आगाऊ पैसा. पोळा झाला की मुकादम गावात फिरू लागतो. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पन्नास हजार, लाख, हातात रोख. दसरा झाला की ट्रक लागतात, आणि निम्मं गाव पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. लेकरं एकतर बरोबर जातात, नाहीतर म्हातारीपाशी राहतात.

मावशींच्या गटातल्या एका जोडप्यानं दोन वर्षांपूर्वी उचल घेतली नाही. मोठा पराक्रम वगैरे काही नव्हता. जूनमध्ये बियाणं गटाचं होतं, पेरणी वेळेवर झाली होती, शेळ्या चार झाल्या होत्या, आणि पोळ्याच्या वेळी गटानं वीस हजार दिले. मुकादम दोनदा येऊन गेला. त्या नवऱ्याच्या भावानं मात्र उचल घेतली, त्याच्यावर मुकादमाची मागच्या वर्षीची बाकी होती. ती गटाच्या आवाक्यातली नव्हती.

त्या वर्षीच्या येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येच्या सणाला, त्या जोडप्यानं मला जेवायला बोलावलं. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा आंबिलाचा पितळी गडू घेऊन पिकाभोवती शिंपडत पळत होता आणि "ओलगे ओलगे सालम पोलगे" चुकीचं म्हणत होता. मी त्याच्या आईला म्हटलं, येत नाही का याला? ती म्हणाली, "कसं येईल दादा? येळवसेला आजवर आम्ही इथं होतो कधी?"

नमस्कार.