माळ्यावरची भेंडोळी

श्रोतेहो, नमस्कार.

माझे मामा निपाणीच्या एका टॉकीजमध्ये पोस्टर लावायचे. सकाळी मैद्याची खळ शिजवायची, गुरांनी पोस्टर ओढून खाऊ नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकायचं, बादली सायकलला अडकवायची आणि निघायचं. आपला हा भाग सिनेमाच्या धंद्यात मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे मुंबईच्या वितरण-विभागात मोडायचा, त्यामुळं हिंदी चित्रपटाच्या पेटीबरोबर पोस्टरांचा गठ्ठा मुंबईहून यायचा. भिंतीवर लागलेली पोस्टरं पहिल्या वळवाला गेली. उरलेली मामांच्या घरी आली. त्यातल्या काहींनी आम्हा भाचरांच्या वह्यांना कव्हरं घातली, काही फडताळात डब्यांखाली गेली, आणि जी कशाच्याच कामाला आली नाहीत ती भेंडोळी करून माळ्यावर पडली. विकण्यासारखी आज तेवढीच शिल्लक आहेत.

हे सांगायचं कारण असं, की मी बेळगावात राहतो आणि जुनी पोस्टरं लिलावात गेली की ओळखीपाळखीचे लोक मला फोन करतात. ‘काय ओ, आमच्याकडंबी हाय एक. लाखभर येतील काय?’ पेपरात आकडा वाचलेला असतो. आकडे खोटे नसतात, पण एक गोष्ट सांगतो. ‘द ममी’ हा हॉलिवूडचा १९३२ सालचा चित्रपट. त्याच्या मूळ पोस्टरच्या जगात जेमतेम ३ प्रती उरल्यात असं सांगतात. १९९७ साली न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात त्याला ४,५३,५०० डॉलर आले. पुढं २०१७ मध्ये १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चं पोस्टर ५,२५,८०० डॉलरला गेलं, मग सगळ्यांचाच धीर वाढला. २०१८ मध्ये ‘ममी’चं पोस्टर पुन्हा लिलावाला आलं. अंदाज लावला १० ते १५ लाख डॉलरचा. आणि बोली आली किती? एकही नाही. पोस्टर तेच, दुर्मीळपण तेच, पण त्या किमतीला हात वर करणारा त्या दिवशी कुणी नव्हता.

लिलावाला निदान दोन माणसं लागतात. एकाच वस्तूसाठी जीव टाकणारी दोन. एकटा कितीही हौशी असला, तरी त्याला ती वस्तू राखीव किमतीतच, म्हणजे विकणाऱ्यानं आधी ठरवलेल्या किमान किमतीतच मिळते.

मग किंमत चढते कशानं? पहिलं वय माणसाचं, पोस्टरचं नंतर. ज्यानं कॉलेज बुडवून मॅटिनी पाहिली, त्याच्या हातात पन्नाशी-साठीत पैसा येतो, आणि तो आपल्या तरुणपणीची पोस्टरं शोधायला लागतो. ती पिढी गेली की मागणी ओसरते. सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या हिंदी चित्रपटांची पोस्टरं खंडीनं छापलेली असतात. एकाला चांगला भाव आला असं कळलं की गावोगावचे माळे उघडतात आणि पुढच्या लिलावात भाव खाली बसतो. पडलेल्या चित्रपटाचं उलट असतं. त्याची पोस्टरं कुणी जपलीच नाहीत, म्हणून चित्र चांगलं असेल तर एखादं अचानक भाव खाऊन जातं.

दुसरं म्हणजे चितारणारा. पूर्वी नट विकला जायचा, आता हातही विकला जातो. आपल्या शेजारी कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर स्वतः केलं, ते आज टिकून असलेल्या अगदी जुन्या भारतीय पोस्टरांत गणलं जातं. कलबुर्गीच्या एस. एम. पंडितांनी सिनेमासाठी चित्रं केली. एम. एफ. हुसेन मुंबईत होर्डिंग रंगवत होते. २००२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं हिंदी सिनेमाच्या पोस्टरांचं प्रदर्शन भरवलं. आणि आम्ही त्याच कागदावर डबे ठेवत होतो!

आता थोडं कामाचं. तुमच्याकडचं पोस्टर मूळ, की चित्रपट पुन्हा लागला तेव्हाचं, की चोरबाजारातली कॉपी? घड्याळजी वापरतो तसं भिंग घ्या. जुन्या लिथो छपाईत, म्हणजे दगडावर किंवा पत्र्यावर हातानं चित्र काढून केलेल्या छपाईत, खडूचे दाणे, हातच्या रेघा दिसतात. नंतरच्या ऑफसेट छपाईत, म्हणजे फोटोवरून मशीननं केलेल्या छपाईत, ठिपक्यांची सारखी जाळी दिसते. पन्नासच्या सुरुवातीचं म्हणून सांगितलेलं पोस्टर जाळीचं निघालं तर शंका घ्यावी. सत्तरच्या पोस्टरला जाळी असणारच, तिथं घाबरू नये. खालच्या कडेला प्रेसचं नाव बघा. ती कडच कापलेली असेल तर घेणारा पहिला प्रश्न तिचाच विचारतो.

आणि कृपा करून दुरुस्ती करू नका. हे मी पदरचे पैसे घालवून शिकलोय. मामांच्या भेंडोळ्यातलं सगळ्यात देखणं पोस्टर घडीवर फाटलं होतं. मी मागून सेलोटेप लावली. मग पावसाळ्यात ओल लागेल म्हणून एका फ्रेमवाल्याकडून लॅमिनेशन करून आणलं. कसं चकचकीत दिसत होतं! लिलाववाल्यांनी फोटो बघितला आणि घ्यायलाच नकार दिला. ते प्लॅस्टिक आता सोलायला गेलं तर शाईसकट निघतं. जाणकार माणूस पोस्टर कापडावर चढवतो ते अशा खळीनं, की उद्या पाण्यानं पुन्हा सुटं करता यावं. खानापूरकडच्या पावसात कागद ठेवायचा तर सपाट ठेवा, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता, आणि अधूनमधून उघडून बघा. वाळवी सांगून येत नाही.

पैशाचंही ऐका. हातोडा १०,००० वर पडला म्हणजे १०,००० घरी येत नाहीत. समजा लिलाववाल्यांचं कमिशन १५ टक्के असलं, तर तुमचे ८,५०० राहिले, त्यातून फोटो, विमा, टपाल कापतील ते वेगळं. घेणारा हातोड्याच्या किमतीवर लिलाववाल्यांचं वेगळं शुल्क, ज्याला प्रीमियम म्हणतात ते, आणि कर भरतो, आणि पेपरात बऱ्याचदा ते शुल्क धरून मोठा आकडा छापून येतो. कागदावर सही करण्याआधी हे सगळं विचारून घ्यावं, भिडेखातर गप्प बसू नये.

माझं शेवटी एक पोस्टर गेलं. मराठी चित्रपटाचं, टॉकीजच्या काचेच्या पेटीत लागलेलं, म्हणून पावसातून वाचलेलं. त्याच्या पायथ्याशी हातानं रंगवलेली कन्नड पट्टी चिकटवलेली होती. मी ती भिजवून काढणार होतो. कॅटलॉग करणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘हात लावू नका, हे पोस्टर कुठल्या गावात लागलं होतं याचा तेवढाच पुरावा आहे.’ घेणाऱ्यानं नंतर त्यांच्यामार्फत विचारलं, पट्टीवर लिहिलंय काय? मी वाचून सांगितलं: ‘इंदे कडेय दिन’, म्हणजे आजच शेवटचा दिवस.

मामा आता ८५ वर्षांचे आहेत. त्यांना हे सांगितलं तर हसायला लागले. म्हणाले, ‘अरे, ती पट्टी तीन आठवडे तिथंच होती.’