रॉकेलमध्ये ठेवलेले धातू

(बाटलीचं झाकण उघडतं. चिमटा आत जातो.)

बाटलीत रॉकेल आहे आणि तळाशी मळकट, करड्या रंगाचे खडे. हा सोडिअम. खडा चिमट्याने काढायचा, टिपकागदावर टिपायचा आणि सुरीने कापायचा. धातू असूनही सुरी सहज आत शिरते. कापलेली बाजू बघा, कशी लखलखतेय. आता नजर तिथेच ठेवा. चकाकी उतरत चाललीय. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प कामाला लागलेत.

आवर्तसारणीच्या गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, वरून खाली जाताना धातुगुण, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडायची तयारी, वाढतो. दहावीच्या ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ या धड्यात आपण सगळ्यांनी हे वाचलंय आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवलेत. आता ते डोळ्यांनी बघू या.

(पसरट काचपात्र. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब पडतात.)

पहिला लिथिअम. कापताना सुरीवर जोर द्यावा लागतो. याची घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी, ०.५३. त्यामुळे तो रॉकेलवरसुद्धा तरंगतो आणि त्याला पेट्रोलियम जेली फासून ठेवावं लागतं. पाण्यात टाकला की सुरसुर बुडबुडे येतात. हा हायड्रोजन. मागे राहतं लिथिअम हायड्रॉक्साइड हे आम्लारी. आम्लारीत फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होतं, म्हणून पाणी हळूहळू गुलाबी होत जातं. घाई कसलीच नाही.

दुसरा सोडिअम. पडल्या पडल्या त्याची गोळी झाली. सोडिअम ९८ अंश सेल्सिअसला वितळतो आणि तेवढी उष्णता या अभिक्रियेतूनच मिळते. गोळी पाण्यावर सैरावैरा पळतेय आणि तिच्यामागे राणी रंगाची रेघ उमटतेय.

तिसरा पोटॅशिअम. तुकडा मसुराच्या दाण्याहून लहान, मध्ये काचेचा पडदा, शिक्षकांच्या डोळ्यांवर सुरक्षा चष्मा.

(तुकडा पाण्यात पडतो. तेच दृश्य पुन्हा, संथ गतीने. तोवर निवेदन थांबतं.)

पाण्याला टेकतो न टेकतो तोच पेट घेतला. ज्योत जांभळट आहे, तो पोटॅशिअमचा रंग. शेवटी तडतडला आणि फुटला.

पाणी तेच आणि तिन्ही धातू एकाच गणातले. लिथिअमच्या अणूला इलेक्ट्रॉनांची दोन कवचं, सोडिअमला तीन, पोटॅशिअमला चार. सगळ्यांच्या शेवटच्या कवचात इलेक्ट्रॉन मात्र एकच. कवच वाढलं की हा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो आणि मधल्या इलेक्ट्रॉनांमुळे केंद्रकाची ओढही त्याच्यापर्यंत कमी पोचते. तो काढून घ्यायला लागणारी ऊर्जा अनुक्रमे ५२०, ४९६ आणि ४१९ किलोज्यूल प्रति मोल. हे आकडे पाठ करता येतात, पण ४१९ म्हणजे काय ते त्या जांभळ्या ज्योतीसमोर उभं राहिल्यावर उमगतं.

आणि समोर उभं राहिलं की पुढचे प्रश्नही सुचतात. पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेत प्रति मोल उष्णता सोडिअमपेक्षा लिथिअमची जास्त असते. मग तो इतका संथ का? लिथिअम वितळायला १८० अंश लागतात. तो घनच राहतो, आणि ताजा पृष्ठभाग पाण्याला भराभर मिळत नाही. घनतेचंही तसंच. ती गणात खाली वाढायला हवी, पण पोटॅशिअम सोडिअमपेक्षा हलका निघतो, ०.९७ नंतर ०.८६. सारणीतले कल असे अपवादांसकट शिकायचे असतात.

(लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचं जुनं चित्र.)

१८०७ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी इथे वितळलेल्या पोटॅशमधून, म्हणजे पोटॅशिअम हायड्रॉक्साइडमधून, वीज सोडली. चकचकीत थेंब वर आले, काही तिथल्या तिथे पेटले. पोटॅशिअम पहिल्यांदाच धातूच्या रूपात दिसत होता. डेव्ही खोलीभर नाचत सुटले, अशी आठवण त्यांचे चुलतभाऊ आणि सहायक एडमंड यांनी सांगितली आहे. काही दिवसांतच सोडिअमही हाती आला. लिथिअमचा शोध १८१७चा, स्वीडनमधल्या एका खनिजातून. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनर यांनी या तिघांचं त्रिक मांडलं. लिथिअमचं अणुवस्तुमान ७, पोटॅशिअमचं ३९, त्यांची सरासरी २३, आणि सोडिअमचं अणुवस्तुमान नेमकं तेवढंच.

(अतिजलद कॅमेऱ्याचं चित्रण. पाण्यावर पडणारा द्रव धातूचा थेंब.)

हा थेंब सोडिअम-पोटॅशिअमच्या मिश्रधातूचा. प्राग शहरातले रसायनशास्त्रज्ञ पावेल युंगविर्त यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं की स्फोटाची सुरुवात हायड्रोजन पेटून होत नाही. एक सहस्रांश सेकंदाच्याही आत थेंबातून हे काटे फुटतात, बघा. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन पाण्यात निघून गेलेत. उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलतायत, थेंब आपल्याच भाराने फाटतोय. शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या दाखवला जाणारा प्रयोग, आणि तो कसा सुरू होतो हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

(पुन्हा प्रयोगशाळा. मॅग्नेशिअमची फीत.)

आता आडवं जाऊ, तिसऱ्या आवर्तात, म्हणजे सोडिअमच्याच आडव्या ओळीत. मॅग्नेशिअम थंड पाण्यात जवळजवळ गप्प असतो. पाणी गरम केलं की फितीवर बारीक बुडबुडे धरतात. शेजारचा ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा थर पांघरून बसलेला, त्याला काहीच होत नाही. कवच तेच, पण केंद्रकावरचा भार घराघराने वाढतो, अणू आक्रसतो आणि इलेक्ट्रॉन सुटेनासे होतात. पुढे सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक करत आपण क्लोरिनपर्यंत पोचतो. तो तर उलट इलेक्ट्रॉन ओढून घेतो.

लिथिअमचा हलकेपणा आणि त्याची इलेक्ट्रॉन सोडायची तयारी यांवरच आज मोबाइल आणि विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या चालतायत.

(टेबल आवरलं जातंय.)

सोडिअमचे उरलेले बारीक तुकडे सिंकमध्ये कधीच टाकायचे नाहीत. ते थोडे थोडे इथेनॉलमध्ये सोडतात, जवळपास ज्योत नसताना. हायड्रोजन इथेही निघतो, पण सावकाश. शेवटचा तुकडा विरेपर्यंत शिक्षक टेबलापाशी थांबतात आणि मगच पुढच्या तुकडीची मुलं आत येतात.