पुढच्या चाकातली हवा

(पुण्यात टीव्ही-निर्मिती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

2 मार्च 2025. थायलंडमधलं बुरीराम. मोटोजीपी, म्हणजे बाइक-शर्यतींची सर्वांत वरची जागतिक स्पर्धा, तिच्या हंगामातली पहिलीच मुख्य शर्यत, आणि मार्क मार्केझ डुकाटीच्या मुख्य संघाकडून पहिल्यांदा उतरलेला. सुरुवातीपासून तोच पुढे होता. सातव्या फेरीत त्यानं एकदम वेग कमी केला आणि मागून येणाऱ्या धाकट्या भावाला, अ‍ॅलेक्सला, पुढे जाऊ दिलं. वळण चुकलं नव्हतं, कुणी आत घुसलं नव्हतं.

मी आणि माझे वडील घरी बसून बघत होतो. वडील आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात तीस वर्षं जुळणीवर होते. ते पुढे सरकून म्हणाले, "बंद पडतेय का रे गाडी?" मग गाडी नीट चालतेय असं दिसल्यावर म्हणाले, "भाऊ म्हणून सोडला का?" समालोचक तर्क लढवत होते. मार्क पुढच्या पंधराएक फेऱ्या भावाच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला, शेवटच्या तीन-चार फेऱ्या उरल्या तेव्हा पुढे गेला आणि सहज जिंकला.

खुलासा शर्यतीनंतर त्याच्याच तोंडून आला. पुढच्या टायरमध्ये हवा कमी होती. नियमाप्रमाणे पुढच्या टायरमधला दाब किमान 1.80 बार लागतो, म्हणजे आपल्या पेट्रोल पंपावरच्या भाषेत साधारण 26. मुख्य शर्यतीच्या 60 टक्के फेऱ्या तो दाब राखावा लागतो, नाही राखला तर एकूण वेळेत 16 सेकंद वाढतात. एकटा पुढे पळणाऱ्या बाइकच्या टायरला समोरून गार वारा मिळतो, टायर थंड राहतं, दाब चढत नाही. दुसऱ्याच्या मागे लागलात की त्याच्या इंजिनाची गरम हवा अंगावर येते, टायर तापतं, दाब वाढतो. म्हणून मार्क भावाच्या मागे गेला. टायर शेकायला.

हे मी वडिलांना सांगितलं. त्यांना समजायला दहा सेकंदही लागली नाहीत. उन्हात टायर फुगतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी विचारलं एवढंच, "मग हे तेव्हाच दाखवायला काय झालं होतं?"

आज मी इथे त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. मी गेली अनेक वर्षं ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत, काम करतोय, बहुतेक क्रिकेटवर. बाइकच्या शर्यती मात्र प्रेक्षक म्हणून बघतो, आणि दर वेळी मला वाटतं की जगातल्या सर्वांत देखण्या प्रक्षेपणांपैकी हे एक आहे आणि त्यातलं निम्मं नाट्य पडद्यावर पोचतच नाही.

बुरीरामला काय दाखवता आलं असतं? शर्यत 26 फेऱ्यांची. 60 टक्के म्हणजे 16 फेऱ्या. कोपऱ्यात चाकाचं छोटं चित्र आणि शेजारी "16 पैकी 5". पुढच्या फेरीला "16 पैकी 6". बस. संघ म्हणतील, आमचा दाब प्रतिस्पर्ध्याला कळेल. बरोबर आहे, म्हणून नेमका आकडा दाखवूच नका. किती फेऱ्या नियमात बसल्या तेवढं मोजून दाखवा. सेन्सर प्रत्येक चाकात आहे, सर्वांना एकसारखा आहे, चालकाला त्याच्या डॅशवर, म्हणजे हँडलसमोरच्या छोट्या पडद्यावर, इशाराही मिळतो. त्या सोळा फेऱ्यांमध्ये वर वर काहीच घडत नव्हतं, दोन भाऊ एकामागून एक चालले होते. तो मोजणारा आकडा असता तर तीच अर्धी शर्यत श्वास रोखून बघावी लागली असती. याचे किती भरले? भरल्यावर हा कधी सुटणार? त्याआधी अ‍ॅलेक्स पळून गेला तर?

क्रिकेटनं हे फार पूर्वी ओळखलं. "34 चेंडूंत 51 हवेत" ही ओळ पडद्यावरून काढून टाका आणि मग पाठलाग बघा. फलंदाज तेच, फटके तेच, पण एका धावेसाठी जीव का टाकला ते कळणार नाही. 2001 मध्ये इंग्लंडच्या एका वाहिनीनं लॉर्ड्सवरच्या कसोटीत हॉक-आय आणलं, तेव्हा पायचीतचा निर्णय घरातल्या प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता आला. माझ्या धंद्यात नवीन आलेल्या मुलांना मी सांगतो, ग्राफिक टाकण्याआधी स्वतःला विचारा, हे वाचल्यावर पुढच्या दोन मिनिटांत प्रेक्षक वेगळ्या नजरेनं बघेल का? नसेल बघणार तर ती जागा चित्राला द्या.

आता चित्राकडे येतो, कारण चित्रही फसवतं, आणि हे कॅमेऱ्यामागच्या माणसानंच सांगायला हवं.

सरळ रस्त्याच्या टोकाला टेली लेन्स लावून बसलेला कॅमेरामन येणाऱ्या बाइक दाखवतो. लांब लेन्समध्ये खोली चपटी होते. चार बाइक एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. मग शॉट बदलतो, वरून हेलिकॉप्टर, आणि त्याच बाइकमध्ये भलंमोठं अंतर. प्रेक्षक गोंधळतो. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका सर्किटवर कॉर्कस्क्रू नावाचं प्रसिद्ध वळण आहे; तिथे रस्ता साधारण 18 मीटर खाली कोसळतो, पाच मजली इमारतीएवढा. टीव्हीवर बरेचदा तो सपाट वाटतो. कॅमेरा खाली, रस्त्याच्या पातळीला आणला की पोटात गोळा येतो. कात्रजचा जुना घाट मोबाइलवर शूट करून घरी दाखवलाय ना कुणी तुमच्यापैकी? "यात काय घाबरायचं?" असंच म्हणाले असतील घरचे.

त्याहून मोठी फसगत अंतराची. समजा दोन चालकांत अर्ध्या सेकंदाचा फरक आहे. इटलीतल्या मुजेल्लो सर्किटच्या लांब सरळ रस्त्यावर वेग ताशी 350 धरा. अर्ध्या सेकंदात बाइक साधारण 48 मीटर जाते, म्हणून दोघांत 48 मीटर दिसतात. पुढे ताशी 70 चं तंग वळण आलं असं धरा. आता अर्ध्या सेकंदात बाइक दहा मीटरही जात नाही. फरक होता तेवढाच आहे, डोळ्याला मात्र मागचा पुढच्याला गाठतोय असं वाटतं. समालोचकाचा आवाज चढतो, घरातले सरसावून बसतात, आणि वळण संपलं की पुन्हा 48 मीटर. दर फेरीला हे घडतं. रबर ताणावा आणि सोडावा तसं. यात कुणाची चलाखी नाही, गणित आहे. पण ते एकदाही कुणी समजावून सांगत नाही. त्यासाठी मी गेल्या पाच फेऱ्यांतल्या फरकाची एक बारीक रेघ दाखवेन. चढते आहे की उतरते आहे एवढंच. ती रेघ बघायची सवय लागली की माणूस वळणातल्या गर्दीला भुलत नाही.

उलटंही करायला हवं. वेळेचं अंतर करून दाखवायला हवं. 2006 मध्ये पोर्तुगालच्या एस्तोरिलला टोनी एलियासनं व्हॅलेंतिनो रॉसीला 0.002 सेकंदानं हरवलं. दोन हजारांश सेकंद म्हणजे काय, हे कुणाच्या मनात उभं राहतं? अंतिम रेषेवर वेग ताशी 250 धरला तर ते 14 सेंटिमीटर होतात. एक वीतही नाही! पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 20. रॉसीचे पाच गुण गेले, आणि त्या वर्षीचं जगज्जेतेपद निकी हेडनकडे पाच गुणांनीच गेलं. आजकाल शर्यत चालू असताना गुणतक्ता कसा बदलतोय ते दाखवतात, ती खरोखर चांगली सुधारणा आहे.

बाइकवरच्या कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. जायरो, म्हणजे कॅमेरा आडवा धरून ठेवणारं यंत्र, लावलेल्या कॅमेऱ्यात क्षितिज आडवं राहतं आणि बाइक झोपते. साध्या कॅमेऱ्यात बाइक सरळ राहते आणि जग तिरकं होतं. साठ अंशांहून जास्त झोपलेली बाइक कळायची असेल तर पहिलाच शॉट हवा. दिग्दर्शकांना दुसरा आवडतो, त्यात वेग जास्त वाटतो. माझं मत पहिल्याच्या बाजूनं आहे. आणि ओव्हरटेक चालू असताना गॅरेजमधल्या नातेवाइकांचे चेहरे दाखवणं थांबवा, तो शॉट दहा सेकंदांनंतरही तितकाच चांगला असतो.

एकदा मात्र पडद्यावरच्या एका ओळीनं अख्खी शर्यत उघडी केली होती. ऑक्टोबर 2017, मलेशियातलं सेपांग, ओला रस्ता. डुकाटीचे दोघे पुढे, लोरेंझो पहिला, डोविझिओझो दुसरा. मार्केझ चौथा. मार्केझकडे डोविझिओझोपेक्षा आधीचे 33 गुण जास्त. आता हिशेब करा. डोविझिओझो दुसरा राहिला तर मार्केझची आघाडी 26, शेवटच्या शर्यतीत मिळू शकतात 25, म्हणजे खेळ इथेच खलास. डोविझिओझो पहिला आला तर आघाडी 21, आणि निकाल शेवटच्या शर्यतीत, व्हॅलेन्सियाला. अशा वेळी लोरेंझोच्या डॅशवर पाठवलेला संदेश टीव्हीवर आला: "सजेस्टेड मॅपिंग: मॅपिंग 8". मॅपिंग म्हणजे इंजिनाची सेटिंग. मोटोजीपीत संघाला चालकाशी रेडिओवर बोलता येत नाही; पिट बोर्ड, म्हणजे रस्त्याकडेला धरलेली पाटी, आणि डॅशवरच्या ओळी, एवढाच संवाद. थोड्या वेळानं लोरेंझो शेवटच्या वळणावर बाहेर गेला आणि डोविझिओझो जिंकला. मी संदेश पाहिलाच नाही, असं लोरेंझो म्हणाला. सहकाऱ्याला पुढे सोड, असा तो सांकेतिक आदेश होता का, यावर लोक कित्येक दिवस वाद घालत होते. ती ओळ दाखवण्यात काहीच खर्च नव्हता. पण त्या ओळीआधी तो 26 आणि 21 चा हिशेब मांडला असता तर नवख्या प्रेक्षकालाही काटा आला असता.

आइल ऑफ मॅन बेटावरच्या रस्त्यांवर होणारी टीटी ही बाइक-शर्यत बघणाऱ्यांना तर आकड्यांशिवाय गत्यंतरच नाही. 60 किलोमीटरची एक फेरी, दर दहा सेकंदांनी एक चालक सुटतो. रस्त्यावर पुढे असलेला माणूस घड्याळात मागे असू शकतो. 2022 पासून ते थेट दिसू लागलं, आणि तिथल्या मंडळींना पहिल्या दिवसापासून घड्याळालाच नायक करावं लागलं. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

शेवटी भाषेचं सांगतो, ते मला जवळचं आहे. बाळ ज. पंडित रेडिओवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन करायचे, तेव्हा ऐकणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं आणि तरी खेळ कळत होता. टीव्हीवरचा समालोचक दिसतंय तेच पुन्हा सांगतो: "हा पुढे गेला, तो मागे पडला." मोटोजीपीची चित्रं साऱ्या जगाला एकाच वर्ल्ड फीडमधून जातात, ती आपण बदलू शकत नाही. वर आवाज मात्र आपला चढवता येतो. 2023 च्या आयपीएलला मराठी समालोचन मिळालंच की. आणि शब्द शोधत बसायची गरज नाही. गाडी झोपवणं, रेस पिळणं, गुडघा टेकवणं, कट मारणं, पुढचं चाक सुटणं, हे सगळं कुठल्याही गॅरेजबाहेर ऐकायला मिळतं. केटीएमच्या छोट्या ड्यूक चाकणला बनतात. इथल्या पोरांना बाइक कळते, शर्यतीतलं कारण त्यांच्यापर्यंत पोचवणारा आवाज हवा.

बुरीरामनंतर सहा आठवड्यांनी, 13 एप्रिलला, कतारची शर्यत होती. वडील पुन्हा शेजारी. केटीएमवरचा मावेरिक विन्यालेस सर्वांना मागे टाकून आघाडीवर आला. मी उठून टाळ्या वाजवायला लागलो. मार्केझनं त्याला नंतर गाठलं, पण दुसरा क्रमांक त्यानं टिकवला. पोडियम, आनंद, मिठ्या, सगळं झालं.

तो पुढे होता तेव्हाच वडिलांनी विचारलं होतं, "एकटाच पळतोय. ह्याच्या चाकात हवा आहे का पुरेशी?"

पडद्यावर त्याचं उत्तर नव्हतं. नंतर निकाल आला. दाब कमी, 16 सेकंदांची शिक्षा, दुसऱ्या क्रमांकावरून चौदाव्यावर.