खासगी विद्यापीठातली मुलं

नमस्कार श्रोतेहो.

खासगी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींबद्दल आपण काय काय बोलतो, आठवून पाहा. "बापाचा पैसा आहे, काळजी कसली!" "पैसे भरले की डिग्री मिळते." "दुसरीकडे कुठे नंबर लागला नाही, म्हणून तिथे गेला." हे शेरे झेलत मुलं तिथे तीन-चार वर्षं काढतात. म्हणून आज ते तपासून पाहू या.

श्रीमंतीच्या शेऱ्यात तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी कराच्या नोंदींवरून विद्यार्थ्यांच्या घरचं उत्पन्न तपासलं आणि 2017 मध्ये निष्कर्ष मांडले. 38 शिक्षणसंस्था अशा निघाल्या, जिथे सर्वांत श्रीमंत 1 टक्का घरांतली मुलं ही खालच्या 60 टक्के घरांतल्या मुलांपेक्षा संख्येने जास्त होती. येल आणि प्रिन्स्टन ही खासगी विद्यापीठं त्यांत आहेत.

पण ब्राझीलमध्ये या, चित्र उलटं दिसेल. तिथे सरकारी विद्यापीठात शिक्षण मोफत, प्रवेश मात्र कठीण. महागड्या शाळांत तयारी झालेली मुलं त्या जागा पटकावत. शेवटी 2012 मध्ये कायदा करून केंद्र सरकारच्या विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राखाव्या लागल्या. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वर्गात बसणारी कितीतरी तरुण मंडळी तिथे खासगी विद्यापीठांतच शिकतात. आणि जपानमध्ये तर दर चार विद्यार्थ्यांमागे साधारण तीन जण खासगी विद्यापीठांत आहेत. वासेदा आणि केइओ ही तिथली खासगी विद्यापीठं, आणि त्यांच्या प्रवेशासाठी मुलं जिवाचं रान करतात! नंबर लागला नाही म्हणून तिथे गेले, असं त्यांना कोण म्हणेल?

मग श्रीमंतीचं चित्र एवढं पक्कं का होतं? कारण आवारात उभी असलेली महागडी गाडी सगळ्यांना दिसते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता कुणालाच दिसत नाही. शिष्यवृत्तीवर आलेली मुलगी ती गोष्ट मैत्रिणींपासूनही लपवते, आणि बाहेर मात्र "तुमचं काय बाई, तुम्ही पैसेवाले" असं ऐकून घेते. मला सगळ्यांत जास्त हे लागतं.

राहिलं पैसे भरून डिग्री मिळवण्याचं. काही संस्था खरंच ढिलाई करतात. त्यांना जाब विचारायलाच हवा, कडक शब्दांत विचारायला हवा. पण तो राग, रात्री जागून अभ्यास केलेल्या मुलावर निघता कामा नये.

तुमच्यापैकी कुणी नोकरीसाठी मुलाखती घेत असाल, तर एक विनंती. अर्जावरचं विद्यापीठाचं नाव वाचून लगेच पान उलटू नका. शेवटच्या वर्षी काय काम केलंत, त्यात कुठे अडलात, कसा मार्ग काढलात, हे विचारा. उत्तर पूर्ण ऐका, आणि मगच ठरवा.

नमस्कार.