हमाल दारात अडकला तर

(कोल्हापुरातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वळवाचे दोन पाऊस पडून गेले की राधानगरीच्या जंगलात काजवे बघायला जाणारे तुमच्यातले बरेच जण असतील. झाडच्या झाड उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. आजचा विषय माणसाच्या पेक्स ५ या जनुकाचा आहे. पण त्या जनुकापर्यंत पोचायची वाट काजव्यापासून निघाली, म्हणून मीही तिथूनच निघतो.

काजव्याचा उजेड ल्युसिफरेज नावाच्या प्रथिनामुळं पडतो. १९८७ साली कॅलिफोर्नियात सुरेश सुब्रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाचं जनुक सस्तन प्राण्याच्या पेशीत घातलं. प्रथिन तयार झालं, आणि पेशीभर पसरून राहण्याऐवजी पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशव्यांमध्ये जाऊन बसलं. किड्याचं प्रथिन, पेशी परक्या प्राण्याची, तरी त्याला घर बरोबर सापडलं! पत्ता कुणी सांगितला? हे प्रथिन म्हणजे साडेपाचशे अमिनो आम्लांची माळ. पत्ता होता तिच्या अगदी शेवटच्या तीन मण्यांत: सेरीन, लायसीन, ल्युसीन. हेच तीन मणी दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाच्या शेपटाला जोडले, तर तेही त्या पिशवीत जातं. आपल्या पेशींतली बहुतेक पेरॉक्सिझोम प्रथिनं याच किंवा याच्यासारख्या तीन मण्यांवर चालतात.

पेरॉक्सिझोम पहिल्यांदा दिसले १९५४ साली, उंदराच्या मूत्रपिंडात. पुढं क्रिस्तियान द द्यूव्ह यांनी त्यांचं काम उलगडलं आणि त्यांना हे नाव दिलं. हायड्रोजन पेरॉक्साइड तिथं तयारही होतं आणि तिथंच मोडतंही. पण माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाला त्यांची दुसरी कामं जास्त महत्त्वाची वाटतात. २२ पेक्षा जास्त कार्बनची लांबलचक मेदाम्लं तोडायला सुरुवात तिथंच होते. मेंदूतल्या तंतूंवर जे वेष्टण असतं, त्याला लागणारा एक खास मेद तिथं घडायला लागतो. पित्ताम्लं पूर्णत्वाला तिथं जातात. आणि एवढं सगळं करणाऱ्या या पिशवीकडं स्वतःचा डीएनए नाही. आतलं एकूण एक प्रथिन बाहेर तयार होतं आणि आत आणावं लागतं.

ते आणणारा म्हणजे पेक्स ५ नावाचं प्रथिन. त्याचं जनुक आपल्या १२ व्या गुणसूत्रावर आहे, आणि माणसातलं हे जनुक १९९५ साली ओळखलं गेलं. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याच्या वेळी उभं राहून बघा. हमाल रव्यावरची, म्हणजे गुळाच्या ढेपेवरची, खूण बघतो, रवा उचलतो, गाळ्यात नेऊन ठेवतो आणि मोकळ्या हातानं परत येतो. पेक्स ५ चं काम थेट असंच आहे. त्याच्या एका टोकाला एक खोबण आहे, तिच्यात ते तीन मणी अडकतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात जायचं तर प्रथिनाला बहुधा घडी उलगडून, सुईतून दोरा जावा तसं जावं लागतं. इथं मात्र घडी घातलेलं, अख्खं प्रथिन आत जातं. शास्त्रज्ञांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांना पत्ता असलेली प्रथिनं चिकटवली, तर ते सोनंसुद्धा आत गेलं. सोन्याची घडी कोण उलगडणार? तेव्हा हे दार वेगळ्याच घडणीचं असणार, हे उघड झालं. २०२२ साली समजलं की पेक्स १३ नावाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंतून दारात एक दाट जाळी करतात, आणि पेक्स ५ ओझ्यासकट तिच्यातून पलीकडं सरकतो.

इथवर गोष्ट सोपी आहे. मला आज खरं सांगायचंय ते परतीच्या वाटेबद्दल.

ओझं उतरवलेला पेक्स ५ आपण होऊन बाहेर येऊ शकत नाही. पेक्स २, पेक्स १० आणि पेक्स १२ ही प्रथिनं मिळून त्याच्यावर युबिक्विटिन नावाची एक खूण लावतात. मग बाहेरच्या बाजूनं पेक्स १ आणि पेक्स ६, तीन आणि तीन अशा सहा जणांचं कडं करून, ऊर्जा खर्चून त्याला ओढून काढतात. पेक्स २६ या कड्याला पिशवीच्या पडद्यावर धरून ठेवतो. बाहेर आल्यावर खूण पुसली जाते आणि गडी पुढच्या ओझ्याला मोकळा होतो. आता या रांगेतलं ओढून काढणंच थांबलं तर? हमाल दारात अडकतो. आत माल जात नाही. खूण लागलेला हमाल दारात दिसत राहिला की पेशी ती पिशवीच निकामी समजून मोडीत काढते. पेरॉक्सिझोम असे बिघडून होणाऱ्या आजारांना झेलवेगर गटातले आजार म्हणतात. त्यांच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये दोष पेक्स १ मध्ये असतो. म्हणजे मालही तयार असतो आणि हमालही धडधाकट असतो. त्याला सोडवणारा कुणी नसतो. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

कारण मला एक बाळ आठवत होतं. मी शिकत होतो तेव्हाचं. दोन दिवसांचं. हातावर पालथं घेतलं की ओल्या फडक्यासारखं दोन्हीकडं लोंबायचं. टाळू एवढी मोठी की माझी तीन बोटं मावायची. कपाळ उंच, दूध ओढायला ताकद नाही, आणि आकडी थांबत नव्हती. गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये वाटीजवळ खडूची भुकटी सांडावी तसे ठिपके होते. आज हे वर्णन ऐकून मी झेलवेगर म्हणेन. तेव्हा कुणी म्हटलं नाही. ते बाळ चार महिने जगलं.

त्या चार महिन्यांत त्याच्या आईला काय काय ऐकावं लागलं, ते मी ऐकलंय. ग्रहणात विळी हातात घेतली. पपई खाल्ली. माहेरचा काही दोष असेल. म्हणून आता स्पष्ट बोलतो. हा आजार व्हायला जनुकाची सदोष प्रत आईकडूनही यावी लागते आणि वडिलांकडूनही. एकाच बाजूनं आली तर मूल ठणठणीत असतं, जसे ते दोघं आहेत. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते, प्रत्येक वेळी नव्यानं. विळीचा संबंध नाही, पपईचा नाही. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. त्यामुळं दोघांकडं एकाच पूर्वजाची तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. अशी लग्नं झालेल्यांना मी बोल लावणार नाही. त्यांनी लवकर विचारावं, एवढंच म्हणेन. नात्याबाहेरच्या लग्नातही हा आजार होतोच.

तपासणी आता अवघड राहिलेली नाही. रक्तात २६ कार्बनचं मेदाम्ल वाढलेलं दिसतं आणि जनुक तपासणीत नेमका दोष सापडतो. पूर्ण बरं करणारा उपाय आज नाही. सौम्य प्रकारातली मुलं मोठी होतात. त्यांना ऐकण्याची यंत्रं, चष्मा, फिजिओथेरपी, पित्ताम्लाचं औषध यांची गरज पडते. त्यांच्या बाबतीत रोगनिदान एक वर्ष लवकर होणं म्हणजे एक वर्ष जास्त ऐकू येणं, एक वर्ष जास्त बोलायला शिकणं.

आणि तीव्र प्रकारातलं बाळ वाचणार नाही असं दिसत असेल, तेव्हा माझी डॉक्टर मित्रांना आणि घरच्यांना हात जोडून विनंती आहे. त्या दुःखातही, आईवडिलांना विचारून, बाळाचं दोन मिली रक्त जनुक तपासणीसाठी जपून ठेवा. दोष कळलेला असेल तर पुढच्या गरोदरपणात ११ व्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन उत्तर देता येतं. आम्ही त्या बाळाचं रक्त ठेवलं नव्हतं. दीड वर्षानं ती बाई पुन्हा दिवस राहून आली आणि विचारलं, "डॉक्टर, या खेपेला बघता येईल का?" तपासायला आमच्याकडं काहीच नव्हतं.