नवीन काय आलं आणि जुन्यात काय बदललं
(आरएसएस फीडवर कोल्हापुरात राजारामपुरीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

इथं फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, काम केलेले बरेच जण बसलेत म्हणून तिथलंच सांगतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी नॉलेज बेस सांभाळायचो, म्हणजे सँडमध्ये (साच्याच्या वाळूत) ओलावा किती ठेवायचा, ब्लोहोल (ओतीव भागात वायूची भोकं) आले तर आधी काय तपासायचं, असे आमच्याच लोकांनी लिहिलेले साडेतीनशेभर लेख. पहिल्या पानावर 'नवीन लेख' ही यादी होती, ती मी हातानं भरायचो. पावसाळ्यात मोल्डिंगच्या सुपरवायझरनी ओलाव्याचा लेख सुधारला, ४ टक्क्यांवरनं ३.५ वर आणा म्हणून लिहिलं. पण लेख जुना, त्यामुळं यादीत तो आलाच नाही. नाइट शिफ्टच्या पोरानं भिंतीवरची जुनी प्रिंट बघून सँड मिक्स केली, सकाळी कास्टिंग फोडून बघितली तर आत भोकंच भोकं, आख्खी हीट, म्हणजे एका वेळी ओतलेला सगळा माल, परत भट्टीत. त्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते मला अजून लागतं.

म्हणून मी आरएसएसकडं, म्हणजे वेबसाइटवर नवीन काय आलं ते आपोआप कळवणाऱ्या पद्धतीकडं वळलो. आरएसएस फीड म्हणजे साधी एक्सएमएल फाइल हो, म्हणजे खुणा लावून मांडलेला मजकूर, वर चॅनल, त्यात एकेका लेखाचा आयटम, आयटममध्ये टायटल, लिंक, थोडक्यात वर्णन, पबडेट म्हणजे प्रसिद्धीची तारीख, आणि जीयूआयडी म्हणजे त्या लेखाची कायमची ओळख. १९९९ मध्ये नेटस्केपनं काढलं, २००२ मध्ये २.० आलं, २०१३ मध्ये गूगल रीडर, म्हणजे फीड वाचायची गूगलची सेवा, बंद पडल्यावर लोक म्हणाले आता संपलं, पण बहुतेक पॉडकास्ट आजही त्याच्यावरच चालतात. नॉलेज बेस ही फाइल आपोआप बनवतो, आपल्या पानानं दर १५ मिनिटांनी ती मागायची, पलीकडं काही बदललं नसेल तर ३०४ असं उत्तर येतं, मग पहिलीच प्रत वापरायची. वरचे १० आयटम घेऊन टायटल आणि तारीख दाखवली की यादी तयार, हाताचं काम शून्य.

पण खरी मेख पुढंच आहे. आरएसएस बातम्यांसाठी जन्मलं, आणि बातमी एकदा छापली की झाली, म्हणून २.० मध्ये आयटमला प्रसिद्धीची तारीख आहे, सुधारल्याची तारीखच नाही. नॉलेज बेसचं उलटं असतं, तिथं नव्या लेखापेक्षा जुन्यातला बदल जास्त महत्त्वाचा. २००५ च्या ॲटममध्ये, म्हणजे फीडच्याच दुसऱ्या प्रकारात, हे नीट केलंय, तिथं 'अपडेटेड' ही तारीख सक्तीची आहे आणि 'पब्लिश्ड' वेगळी. जमत असेल तर ॲटमच घ्या. आरएसएसच वापरायचं असेल तर दोन फीड करा, एक नवीन लेखांची, दुसरी सुधारलेल्यांची, आणि दुसरीत जीयूआयडीला आवृत्तीचा नंबर जोडा, म्हणजे लेख सुधारला की रीडर (फीड वाचायचं ॲप) त्याला नवा आयटम धरतो. मराठी विकिपीडियावरचं 'अलीकडील बदल' बघा, त्याची फीड तयारच मिळते, तिथं एकेक बदल वेगळा दिसतो.

नवीन लेखांच्या फीडमध्ये मात्र जीयूआयडी बदलता कामा नये. आम्ही लेखाचा पत्ताच जीयूआयडी म्हणून दिला होता, मग सर्व्हर एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, नेला तेव्हा पत्ते बदलले आणि फीडमधले सगळे जुने लेख लोकांच्या रीडरमध्ये परत नवे म्हणून आले. दोन-तीनदा असं झालं की माणूस यादीकडं बघायचंच सोडतो, म्हणून डेटाबेसमधला लेखाचा नंबर द्या, तो हलत नाही. तारखेपुढं +०५३०, म्हणजे भारताची वेळ, लिहायला विसरू नका, नाहीतर रात्री लिहिलेला लेख दुसऱ्या दिवशीचा दिसतो. आणि टायटलमध्ये 'अँड'चं चिन्ह (&) तसंच ठेवलं तर एक्सएमएल मोडतं, आख्खी यादी रिकामी होते. आणखी एक, लॉगिनशिवाय फीड उघडी ठेवाल तर लेख बंद असला तरी टायटल सगळ्या जगाला दिसतात, गिऱ्हाइकाच्या पार्टचं नाव टायटलमध्ये असेल तर ते लै महागात पडतं.

आता वर्णनाच्या जागी आम्ही लेखाची पहिली ओळ टाकत नाही, काय बदललं ते टाकतो, आणि जो लेख सुधारतो त्यानंच ती ओळ लिहायची, त्याशिवाय सेव्ह होत नाही. मोल्डिंग लाइनपाशी एक स्क्रीन लावलाय, त्यावर ही दुसरी यादी चालू असते. भिंतीवरची प्रिंट काढून टाकली. त्या सुपरवायझरनी पहिली ओळ लिहिली ती अशी: 'ओलावा ४ नाही, ३.५, पाऊस थांबेपर्यंत.'