तालेरां: हरलेल्या देशाचा वकील

मंडळी, शार्ल-मोरिस द तालेरां-पेरिगोर या फ्रेंच मुत्सद्द्याचं लांबलचक नाव एकदाच घेतो, पुढे नुसतं तालेरां. जन्म पॅरिसचा, १७५४ सालचा. घराणं जुनं, सरदारी. पण पाय अधू, म्हणून थोरलेपणाचा हक्क धाकट्या भावाला मिळाला आणि याची रवानगी चर्चमध्ये झाली. श्रद्धा बेताचीच, तरी १७८८ मध्ये ओतँचा बिशप म्हणून नेमणूक झाली. वर्षभरात क्रांती पेटली आणि चर्चची मालमत्ता राष्ट्राने ताब्यात घ्यावी, असा प्रस्ताव सभेत मांडला तो याच बिशपने!

पुढे डिरेक्टरी (क्रांतिकाळातलं पाच जणांचं सरकार), नेपोलियन, परत गादीवर आलेले बूर्बाँ घराण्याचे राजे, त्यांच्यानंतरचा राजा लुई-फिलिप, सगळ्यांची चाकरी केली. पैसेही खाल्ले. १७९७ मध्ये हा परराष्ट्रमंत्री असताना अमेरिकेचे वकील बोलणी करायला आले, तेव्हा याच्या माणसांनी आधी पन्नास हजार पौंड मागितले. त्याचं समर्थन मी करणार नाही. (जाता जाता: १८०२ मध्ये ज्या बाईशी त्याने लग्न केलं, ती कॅथरीन ग्रां जन्मली होती आपल्या तमिळ किनाऱ्यावर, डॅनिश लोकांच्या तरंगमबाडीत.)

पण त्याला नुसता दलबदलू म्हणून निकालात काढायचं, तर व्हिएन्नाचं काय करायचं?

१८१४. नेपोलियन हरून एल्बा बेटावर हद्दपार. ऑस्ट्रिया, ब्रिटन, प्रशिया आणि रशिया हे जेते व्हिएन्नात युरोपची वाटणी करायला बसलेले. निर्णय आपण चौघांनी घ्यायचे, फ्रान्सला मागाहून कळवायचे, हे त्यांचं आधीच ठरलेलं. ३० सप्टेंबरला ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिखने फ्रान्सचा वकील म्हणून आलेल्या तालेरांला बैठकीला बोलावलं. समोरच्या मसुद्यात ‘दोस्त राष्ट्रे’ असा शब्द होता. त्याने विचारलं, दोस्त कोणाविरुद्ध? नेपोलियन तर एल्बावर आहे. फ्रान्सच्या राजाविरुद्ध म्हणावं, तर त्याच्याशी तुमचा तह झालाय. कोणाकडे उत्तर नव्हतं. मसुदा मागे घ्यावा लागला.

मग त्याने जेत्यांमधली फट शोधली. रशियाचा झार अलेक्झांडर याला पोलंड हवा होता, प्रशियाला सॅक्सनी हे अख्खं जर्मन राज्य. तालेरांचा मुद्दा एकच: कायदेशीर राजाचं राज्य परस्पर कोणाला देता येत नाही. सॅक्सनीचा राजा युरोपशी बेइमान झाला, असं झार म्हणाला, तेव्हा याचं उत्तर होतं, ‘महाराज, तो तारखांचा प्रश्न आहे.’ रोख उघड होता: एके काळी नेपोलियनशी मैत्री झारनेही केली होती. आणि हे बोलत कोण होतं, तर १८०८ मध्ये जर्मनीतल्या एरफुर्टला आपल्याच सम्राटाविरुद्ध, म्हणजे नेपोलियनविरुद्ध, याच झारचे कान भरणारा माणूस!

३ जानेवारी १८१५ ला ऑस्ट्रिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांचा गुप्त तह झाला. प्रसंग पडल्यास प्रत्येकाने दीड लाख सैन्य उभं करायचं. ते उभं करायची वेळच आली नाही; प्रशियाने सॅक्सनीच्या सुमारे दोन पंचमांश भागावर समाधान मानलं. पण खरी कमाई वेगळीच होती. नऊ महिन्यांपूर्वी ज्या चौघांनी फ्रान्सला हरवलं, त्यांच्यातले दोघे आता फ्रान्सच्या बाजूला होते.

मार्चमध्ये नेपोलियन परतला आणि सगळं विस्कटलं. वॉटर्लूनंतरचा तह आधीपेक्षा कडक झाला: सत्तर कोटी फ्रँक दंड, सरहद्द १७९० ची. त्यावर सही दुसऱ्याने केली. तालेरां सप्टेंबरमध्येच पायउतार झाला होता. नंतरची पंधरा वर्षं त्याला कोणी फारसं विचारलं नाही. १८३० मध्ये, शहात्तराव्या वर्षी, तो लंडनला राजदूत म्हणून गेला आणि बेल्जियमच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत पुन्हा त्याच जुन्या सत्तांसमोर बसला. या वेळी मात्र खुर्चीसाठी भांडावं लागलं नाही.